पुंजाजीचा उपाशी मासा

पुंजाजी अकरा वर्षं तात्पुरता होता. माणूस जन्माला येतो तोच मुळी तात्पुरता, असं कीर्तनात सांगतात. पण बुलढाण्याच्या त्या हायस्कुलात हे तत्त्व एकट्या पुंजाजीलाच लागू केलेलं होतं. दर वर्षी तीस एप्रिलला त्याला घरी पाठवत आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नवा अर्ज घेऊन कामावर ठेवत. विज्ञानाच्या खोलीतल्या बरण्या पुसणं, सांगाड्यावरची धूळ झटकणं, वायूची नळी लावून देणं आणि मधल्या वेळात घंटा वाजवणं हे त्याचं काम. हेडमास्तर वामनराव दर जूनला चष्म्यावरून बघत त्याला विचारायचे, "काय रे, जमेल का हे काम?" पुंजाजी दर जूनला म्हणायचा, "पाहतो सर, प्रयत्न करून."

गावाबाहेर ओढ्याकाठी त्याचा भाजीचा तुकडा होता. तो बायको झुंबरबाई पाहायची. ती लोणारजवळच्या बीबी गावची. कोथिंबीर, मेथी, वांगी काढून डोक्यावर टोपली घेऊन ती बाजारात यायची. उन्हाळ्याचे दीड महिने पुंजाजी तिच्या हाताखाली वाफे करायचा आणि तिथेही त्याची नेमणूक तात्पुरतीच असायची.

एकोणीसशे चौसष्ट साली शाळेला विज्ञानाचा नवा कक्ष बांधून झाला. संस्थेचे अध्यक्ष अर्जुनराव हे वरवट बकालचे मोठे जमीनदार. गळ्यात तुळशीची माळ, पायात करकरीत जोडा, आणि एकदा मनात आलं की ते ठरावात उतरवूनच थांबायचं, असा स्वभाव. ते काही कामासाठी मुंबईला गेले होते. तिथे कुणीतरी त्यांना काचेमागचे समुद्रातले मासे दाखवले. परत आले ते हाच विषय घेऊन.

"आपल्या जिल्ह्यातल्या पोट्ट्यायनं समुद्र कधी पाहाचा?" त्यांनी सभेत विचारलं. "समुद्र नाही आनता येत, त्यातला एक मासा तं आनता येते."

सभेत विज्ञानाचे शिक्षक नारायणराव होते. पोरांना मलकापुरातून आगगाडीत बसवलं तर समुद्र दुसऱ्या दिवशी सकाळी समोर येतो, हे त्यांना माहीत होतं. पण त्यांना पुढच्या वर्षी वरची श्रेणी मिळायची होती, म्हणून त्यांनी अनुमोदन दिलं.

मासा आणायला पुंजाजी मलकापूरला गेला. मुंबईच्या एका दुकानदाराने पाठवलेला तो ऐवज गार्डाच्या डब्यातून उतरला: झाकणाला भोकं पाडलेला एक पत्र्याचा डबा आणि समुद्राच्या पाण्याने भरलेली चार पिंपं. पिंपं एस.टी.च्या टपावर गेली. डबा मांडीवर घेऊन पुंजाजी राजूर घाट चढला. प्रत्येक वळणावर डबा हिंदकळे आणि पुंजाजी त्याच्यावर असा ओणवा होई की शेजारच्या बाईला वाटलं, आत बाळंतिणीचा काढा असावा. कंडक्टरने नियमांचं पुस्तक काढलं. त्यात कोंबडीचा दर होता, शेळीचा होता, माशाचा नव्हता.

"जिता हाये का मेलेला?" त्याने विचारलं.

"अजून तं जिता हाये."

"मंग बसू दे. मेला तं सांगजो, सामानात लावतो."

डब्याला दुकानदाराने सूचनांचा कागद डकवला होता. पाणी आटलं तर वरून गोडं पाणीच घालणे, मीठ आटत नाही. हवा सतत देणे. उन्हात ठेवू नये. खाण्यास... आणि इथून पुढे घाटातल्या पाण्याने सगळी शाई वाहून नेली होती. खाण्यास काय, हे सांगणाऱ्या जागी एक निळा डाग तेवढा उरला होता.

मासा तीन बोटांएवढा होता. पाठीवर पिवळसर, पोटाशी चंदेरी, आणि अंगावर पाच उभे काळे पट्टे. लोखंडी चौकटीत काचा बसवून, फटींत लांबी भरून पेटी तयार ठेवली होती. त्यात समुद्राचं पाणी ओतलं. हवेसाठी नारायणरावांनी ट्रकच्या जुन्या ट्यूबला बारीक नळी जोडून दिली. सकाळ-दुपार-संध्याकाळ सायकलच्या पंपाने ती ट्यूब फुगवायची आणि तिने पाण्यात बुडबुडे सोडत बसायचं. हा शोध नारायणरावांचा आणि पंप मारणं पुंजाजीचं, अशी कामाची वाटणी आपोआप झाली.

मासा पेटीत सोडला तसा कोपऱ्यात गेला आणि तिथेच उभा राहिला.

त्याच दिवशी वामनरावांनी पुंजाजीला खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं, म्हणजे गोष्ट महत्त्वाची होती.

"पुंजाजी, पुढच्या सोमवारी उद्घाटन. नागपूरहून शिक्षणखात्याचे मोठे साहेब येणार. अध्यक्षांची इच्छा आहे की, साहेबांनी स्वहस्ते माशाला घास घालावा आणि माशाने तो खावा. खाल्ला, तर तुझा कायमचा कागद मी स्वतः पुढे करतो. अध्यक्ष सही करतील."

अकरा वर्षांत 'कायम' हा शब्द त्या खोलीत त्याच्या बाबतीत पहिल्यांदा उच्चारला गेला होता.

"आणि मासा मेला," वामनराव चष्मा पुसत म्हणाले, "तर जूनमध्ये अर्ज करायचा त्रास घेऊ नकोस."

मग माशाचं खाणं सुरू झालं. म्हणजे माशाला खाऊ घालणं सुरू झालं. मासा खात नव्हता.

पहिल्या दिवशी अर्जुनरावांच्या घरून ज्वारीच्या भाकरीचा चुरा आला. नारायणराव दबकत म्हणाले, समुद्रातला मासा आहे, बारीक किडा, कोळंबीचा तुकडा असं काही लागत असावं. अर्जुनरावांनी माळेला हात लावला. "मास्तर, ही इद्येची जागा हाये. इथं हिंसा चालनार नाही. त्याले सवय लागीन." अशा रीतीने एका समुद्री माशाला शाकाहाराची दीक्षा देण्यात आली. त्याची संमती विचारण्याची पद्धत नव्हती.

दुसऱ्या दिवशी शेंगदाण्याचा कूट झाला. तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी घरी पाहुण्यांसाठी पुरण घातलं होतं, त्यातलं पुरण झालं. मासा कोपऱ्यातून हलला नाही. सगळं खाली बसायचं, पाणी गढूळ व्हायचं, आणि पुंजाजी काचेच्या नळीने तो चिखल ओढून काढायचा. कमी झालेलं पाणी पिंपातून भरायचा. पिंपं चारच होती, त्यातली दोन पेटी भरतानाच संपली होती आणि तिसऱ्या दिवशी तिसरं संपलं, हे त्याच्या खेरीज कुणाच्या लक्षात आलं नाही.

आपल्याकडे पाहुणा जेवत नसला की चूक पाहुण्याची नसते, आग्रहाची असते. शाळेने हेच धरलं. पेटीभोवती सदैव दहा-वीस डोकी. मधल्या सुटीत पोरं काचेला नाकं लावून उभी. पोरांनी त्याचं नावही ठेवलं होतं: जावई. ड्रिलमास्तर काचेवर टिचकी मारून "घे बेटा, घे" म्हणायचे. संस्कृतचे पंडित "अन्नं ब्रह्म" म्हणून बघायचे. येणारा प्रत्येक जण चिमूटभर काहीतरी आत टाकायचा, मिनिटभर वाट पाहायचा आणि मग पुंजाजीकडे अशा नजरेने बघायचा, की जणू मासा त्याच्या सांगण्यावरून उपास करतो आहे.

"काऊन बे पुंजाजी," चौथ्या दिवशी अर्जुनरावांनी स्वतः येऊन विचारलं, "खाते का नाही थो?"

"नाही खात, दादासाहेब."

"रुसला आसंल. जावयाले लई आग्रव करा लागते. तू करतं का?"

"करतो ना. पन थो अजून इकडं तोंडच नाही करत."

"मंग दोन घास जास्त टाक."

पुंजाजीने दोन घास जास्त टाकले आणि अर्जुनराव गेल्यावर तीन घास बाहेर काढले. माशाचे पट्टे फिके पडू लागले होते. त्याच्या पोटाशी खळगा दिसायला लागला होता. पुंजाजीला माशाविषयी फारसं काही वाटायचं कारण नव्हतं, तरी त्या दिवशी घरी भाकरी मोडताना त्याचा हात दोनदा थांबला. झुंबरबाईने पाहिलं आणि विचारलं नाही. ती विचारायची नाही, हीच तिची विचारायची पद्धत होती.

"त्यानं चार दिस झाले काही खाल्लं नाही," तो शेवटी म्हणाला.

"मंग तुमी त्याच्यासाठी उपाशी ऱ्हायले तं तो खाईन का?" असं म्हणून तिने त्याच्या ताटात अजून अर्धी भाकरी टाकली.

सहाव्या दिवशी, शनिवारी, शाळेच्या फाटकात अध्यक्षांची जीप उभी राहिली. जीपमध्ये एक मोठा ड्रम होता. अर्जुनरावांना उपाय सापडला होता. त्यांचं म्हणणं साधं होतं: मासा खाऱ्या पाण्यातला, त्याला घरची ओढ लागली, आणि घरचं पाणी संपत आलं. मग आपल्याच जिल्ह्यात लोणारला एवढं मोठं खाऱ्या पाण्याचं तळं देवाने कशाला दिलं आहे? मुंबईला तार कशाला करायची? त्यांनी माणूस पाठवून ड्रम भरून आणला होता. पेटीतलं जुनं पाणी टाकून हे घाला, असा निरोप जीपवाल्याने दिला आणि तो चहा प्यायला गेला.

पुंजाजी ड्रमापाशी उभा राहिला. दुकानदाराच्या कागदात याविषयी काही नव्हतं. नारायणरावांना विचारलं, तर ते म्हणाले, "खारं म्हणजे खारंच, तसं पाहिलं तर," आणि त्यांना एकदम नववीच्या वह्या आठवल्या.

इतक्यात झुंबरबाई आली. बाजारातून परत जाताना ती त्याची भाकरी देऊन जायची. टोपली खाली ठेवून तिने ड्रमाचा वास घेतला.

"हे तं लोनारच्या तळ्याचं पानी व्हय. कोनाले पाहिजे?"

"माशाले."

"ह्या पान्यात? माह्या बीबीहून लोनार किती दूर हाये? लहानपनापासून पाह्यते मी. ढोरं तोंड नाही लावत त्या पान्याले. कापड धुवायले बरं, साबन नाही लागत. तुमाले त्याच्यात कधी मासा दिसला का? एक तरी?"

पुंजाजीने दोनदा लोणार पाहिलं होतं. मासा दिसला नव्हता. तेव्हा तो शोधायचं कारण नव्हतं.

"आनं थो कुठी हाये तुमचा जावई, दाखवा तरी."

मधली सुटी होती. विज्ञानाच्या खोलीत पेटीभोवती नेहमीची जत्रा. ड्रिलमास्तरांची टिचकी चालू होती. झुंबरबाईने पदर सावरून दारातूनच पाहिलं. डोक्यांच्या फटीतून कोपऱ्यात उभा असलेला पट्ट्यापट्ट्यांचा मासा तिला दिसला. ती बराच वेळ पाहत राहिली.

"जावई कायचा," बाहेर आल्यावर ती हळूच म्हणाली. "नवी सून व्हय ते. मी तुमच्या घरी आली तवा चार दिस जेवली नव्हती, आठोते का? तुमची माय, आत्या, गल्लीतल्या साऱ्या बाया ताटासमोर बसून माह्या तोंडाकडं पाहत. 'खाय वं, खाय वं.' घास गिळन कसा? पाचव्या दिशी तुमच्या मोठ्या भाभीनं मले कोठीत नेलं, दार लोटलं, आनं भाकर ठेवून निंघून गेली. मंग जेवली मी. तीन भाकरी खाल्ल्या."

पुंजाजीला आठवत नव्हतं. नव्या नवऱ्याला त्या चार दिवसांत नवरीच्या जेवणाखेरीज बरंच काही लक्षात ठेवायचं होतं. पण त्याने ते कबूल केलं नाही.

"त्याले आडोसा द्या," ती म्हणाली. "आनं भाकर नोका देऊ. बदकं आपल्या वाफ्यात काय वेचतात?"

"गांडूळ."

"मंग?"

"दादासाहेबायनं हिंसा बंद केली."

"त्याहिले कोन दाखोते?" असं म्हणून झुंबरबाईने टोपली उचलली.

सुटी संपल्याची घंटा पुंजाजीने त्या दिवशी जरा लवकर दिली. खोली रिकामी झाल्यावर त्याने लोणारचा ड्रम शाळेमागच्या गटारात ओतला आणि रिकामा जीपमध्ये ठेवला. जीपवाल्याने विचारलं, "ओतलं का?" पुंजाजी म्हणाला, "ओतलं." कुठे, हे विचारलं नव्हतं. मग पाण्याच्या माठाचं एक फुटकं खापर धुऊन त्याने कोपऱ्यात पालथं घातलं, म्हणजे माशाला शिरायला एक कोठी झाली. झुंबरबाईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा चारी बाजूंनी पेटीवर सोडला. दाराला बाहेरून चिठ्ठी लावली: पाणी बदलले आहे. आत येऊ नये. हुकमावरून. कुणाच्या हुकमावरून, ते लिहिलं नाही. त्या शाळेत तेवढं पुरत असे.

ओढ्याकाठच्या ओल्या वाफ्यातून त्याने गांडुळं आणली, तीन पाण्यांत धुतली, बोटाच्या पेराएवढे तुकडे केले. जन्मात कधी मासा-मटण न शिवलेल्या त्या माळ्याने हे सगळं तोंड फिरवून केलं. एक वळवळणारा तुकडा पडद्याखालून आत सोडला आणि तो खोलीबाहेर जाऊन बसला. ट्यूब फुगवायलाही आत गेला नाही. नळी खिडकीतून बाहेर घेऊन अंगणातूनच पंप मारला.

तासाभराने आत जाऊन पडद्याची कड उचलली. तुकडा नव्हता. मासा खापराच्या तोंडाशी होता आणि त्याचे पट्टे जरा गडद वाटत होते. पुंजाजीने खात्री करायला तळ नळीने चाचपून पाहिला. खाली काही पडलेलं नव्हतं. मग तो स्टुलावर बसला. झुंबरबाईने दिलेली भाकरी तशीच होती, ती त्याने तिथेच खाल्ली.

रविवारी शाळा बंद होती, म्हणजे पाहुणे नव्हते. माशाने दिवसात चार वेळा खाल्लं. झुंबरबाईच्या सांगण्यावरून पडदा दर वेळी चार बोटं वर जात होता. "सुनंचा पदर बी असाच मांगं जाते," ती म्हणाली, "एका दिशी नाही जात." संध्याकाळपर्यंत पुंजाजीचा हात पाण्यावर आला की मासा खापरातून निघून वर येऊ लागला.

वामनराव संध्याकाळी मुद्दाम येऊन पाहून गेले. आत काय पडलं, हे त्यांनी पाहिलं आणि पाहिलं नाही. "अध्यक्षांना काय सांगू?" एवढंच त्यांनी विचारलं.

"सांगा, लोनारचं पानी लागू पडलं."

अकरा जून वामनरावांनी ज्याला 'जमेल का' विचारलं, त्याला त्या दिवशी त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

सोमवारी मांडव, हार, बँड. साहेबांचा सत्कार झाला, अध्यक्षांचं भाषण झालं. अर्जुनराव म्हणाले, की ज्या माशाला मुंबईच्या समुद्राची आठवण येऊन अन्न गोड लागत नव्हतं, तो आपल्या लोणारच्या पाण्यात आला आणि आपल्या ज्वारीवर जगू लागला. हीच वऱ्हाडची माती. टाळ्या झाल्या. नारायणराव सगळ्यात जोरात वाजवत होते.

साहेबांना पेटीपाशी आणलं. पुंजाजीने एकच विनंती केली: साहेब एकटे पुढे, बाकीचे दारापाशी. कारण विचारलं तेव्हा तो म्हणाला, शिस्त आहे. ताटलीत भाकरीच्या ओल्या चुऱ्याच्या दोन गोळ्या होत्या, बोरांएवढ्या. सकाळपासून मासा उपाशी ठेवला होता. या उपासाचं कारण मात्र पुंजाजीला पक्कं माहीत होतं. गोळीच्या आत काय आहे, हे त्याला, झुंबरबाईला आणि लवकरच माशाला माहीत होणार होतं.

साहेबांनी हात स्वच्छ रुमालाने पुसला आणि गोळी पाण्यात सोडली.

मासा खापराच्या तोंडाशी आला. थांबला. दारात तीसेक माणसं श्वास रोखून होती. पुंजाजीने पडद्याची कड मुठीत धरली होती. मासा मागे फिरला असता, तर तो पडदा सोडणार होता, मग कागदाचं काय व्हायचं ते होवो. गोळी अर्ध्या पाण्यात फुटली, चुरा पांगला, आणि आतून काहीतरी वळवळलं. मासा बाणासारखा आला, चुऱ्यातून नेमकं तेवढंच उचललं आणि परत खापरात गेला.

"खाल्ली," साहेब म्हणाले. "ज्वारीच खाल्ली हो."

"जवारीच," अर्जुनराव म्हणाले आणि त्यांनी माळेला हात लावला.

आठवड्याने कागद आला. वामनरावांनी तो स्वतः वाचून दाखवला. अर्जुनरावांनी शब्द पाळला होता, पण संस्थेचे अध्यक्ष उगाच झालेले नव्हते. पुंजाजीची नेमणूक 'सदर मासा जिवंत असेपर्यंत' कायम करण्यात आली होती. माशाचं खाणं आणि प्रकृती यांचा अहवाल दर शनिवारी द्यायचा होता. अहवाल कोणी द्यायचा? मासा ज्याच्या ताब्यात आहे त्याने.

"म्हंजे तुमची नोकरी एका माशाच्या जिवावर?" झुंबरबाईने विचारलं.

"अकरा वर्सं कोनाच्या जिवावर होती?" पुंजाजी म्हणाला.

पुंजाजीने त्या माशाला मन लावून सांभाळलं. खाऱ्या-गोड्या पाण्याची सगळी माहिती त्याने मुंबईच्या दुकानदाराला पत्र लिहून मागवली, वर्षातून दोनदा पिंपं मागवली, आणि माणसं आत येणार नाहीत याची जातीने काळजी घेतली. मासा तीन वर्षं आणि काही महिने जगला. एका मे महिन्यात, सगळी शाळा सुटीवर असताना, तो सकाळी तळाशी आडवा दिसला. पुंजाजी त्या वर्षीही कामावर होता. कायम माणसाला सुटीत घरी पाठवत नाहीत. त्याने मासा कागदात गुंडाळून भाजीच्या तुकड्यात, वाफ्याच्या कडेला पुरला. झुंबरबाई जवळ उभी होती.

शनिवारी अहवाल लिहायला बसला तेव्हा त्याने हुकूम पुन्हा वाचला. मासा मेल्यावर नोकरीचं काय व्हायचं, हे त्यात होतं. तो मेला आहे हे कुणी ठरवावं, हेही होतं. ते पुंजाजीने ठरवायचं होतं.

पुंजाजी एकोणीसशे चौऱ्याऐंशी साली साठाव्या वर्षी निवृत्त झाला. तोवर तीन हेडमास्तर बदलले होते. निवृत्तीच्या आदल्या शनिवारचा अहवाल कारकुनाने नेहमीप्रमाणे न वाचता फायलीत लावला. त्यात लिहिलं होतं: मासा ठीक आहे. वयोमानाने खाणं थोडं कमी झालं आहे.